झऱ्याचे सांगणे

कार्तिक शुद्ध प्रतिपदा होती. रात्रभर आभाळ भरलेले होते, पण पाऊस पडला नाही. सकाळी उत्तरेचा कोरडा वारा सुटला आणि विहाराच्या अंगणात धूळ फिरत राहिली.

वर्षावास संपला होता. बहुतेक भिक्षू आपापल्या वाटेने निघून गेले होते. मागे जे थोडे राहिले त्यांत थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, धम्मिल हा एक होता. त्याच्याकडे एक पोरका सामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, शिकायला दिलेला होता. मूल फार लहान होते. चार ओळींचा पाठ धम्मिल त्याला सांगे, मूल दुसऱ्या ओळीला अडखळे, आणि धम्मिल पुन्हा पहिलीपासून सुरू करी. असे पावसाळाभर चालले होते.

सुदंत नावाचा भिक्षू जाता जाता म्हणाला, "भन्ते धम्मिल, त्या पोराच्या आधी या अंगणातले कावळे पाठ म्हणायला लागतील हो."

धम्मिलने मुलाचे नाक पुसले आणि पुन्हा पहिली ओळ म्हटली.

दुपारी धर्मसभेत हेच बोलणे निघाले. शास्ता, म्हणजे त्या सर्वांचे गुरू, आले, आसनावर बसले आणि त्यांनी विचारले, "मी येताच तुम्ही थांबलात. कशाबद्दल बोलत होता?" भिक्षूंनी सांगितले. तेव्हा शास्ता म्हणाले, "तेच ते पुन्हा सांगणाऱ्याला लोक आज हसतात असे नाही. पूर्वीही हसले होते." आणि त्यांनी ही गोष्ट सांगितली.

फार पूर्वी, गोदावरीकाठी पोतन नगरात अश्मकांचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व पश्चिमेच्या डोंगरात राघूच्या जन्माला आला होता. त्या डोंगरात वेळूच्या बनांमध्ये माणसांचा एक लहानसा गण राहत असे. गावाजवळ उंबराखाली एक झरा होता, आणि बोधिसत्त्वाची ढोली त्या उंबरातच होती.

गणाची एक रीत होती. मूल चालू लागले, की आई त्याच्यासाठी एक सांगणे रचत असे. तू कुठली, कोणाची, तुझे घर कुठे, अशा सात-आठ ओळी. सकाळ-संध्याकाळ पाणी भरायला आलेल्या बाया कडेवरच्या मुलाला त्याचे सांगणे म्हणून दाखवीत. मूल मोठे होईपर्यंत हे चाले. या रीतीला कारण होते. पूर्वी कधी तरी गणाने आपले एक मूल परक्या राजाकडे ओलीस ठेवले होते. ते मूल तिकडे वारले, आणि राजाने त्याचे दागिने घालून भलतेच मूल परत पाठवले. गणाला कळले तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून ठरले, की परतणाऱ्या मुलाची ओळख चेहऱ्यावरून किंवा दागिन्यांवरून पटवायची नाही. मुलाने सीमेवरच्या नदीच्या परक्या काठावर उभे राहायचे. आपल्या काठावरून गणातली सर्वांत थोर बाई विचारील. मुलाला आपले सांगणे आले, तर त्याने नदी उतरायची. नाही आले, तर मागे फिरायचे. जन्म देणाऱ्या आईनेही मध्ये बोलायचे नाही.

पुढे अश्मकांच्या राजाचे आणि गणाचे डोंगरातल्या हत्तींवरून भांडण झाले. ते मिटले तेव्हा करार झाला. राजाने अरण्याला हात लावायचा नाही, गणाने राजाचे तांडे लुटायचे नाहीत. गणाच्या वचनाला ओलीस म्हणून मुखियाची मुलगी राजवाड्यात राहील, आणि ती वयात येण्याआधी राजा तिला परत करील. मुलीचे नाव वेणुला. तिचे दुधाचे दातही अजून पडले नव्हते.

आई तिला पाठीवर घेऊन डोंगर उतरली. नदी येईपर्यंत ती मुलीचे सांगणे पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी उंबराखालच्या झऱ्याची,
झऱ्यावर वाकल्या वेळूची,
वेळूआडच्या चुलीची,
चुलीपुढच्या कोंडाईची,
कोंडाईच्या घोंगडीची,
घोंगडीतल्या साळूची,
साळूच्या पाठीवर बसून आले,
वाट चढून परत जाईन.

कोंडाई म्हणजे मुलीची आजी, आणि साळू ही आई. नदीवर राजाच्या माणसांनी मुलीला रथात घातले.

दर हिवाळ्यात राघूंचा थवा डोंगर उतरून पोतनच्या साळीच्या शेतांवर येत असे. त्या हिवाळ्यात बोधिसत्त्व थव्याबरोबर आला आणि एके दुपारी राजाच्या बागेत डाळिंबाच्या झाडावर बसला. झाडाखाली एक मुलगी रेशमी वस्त्रात बसली होती. ती ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती. "झऱ्यावर वाकल्या वेळूची. वेळूआडच्या…" इथे ती थांबली. पुन्हा पहिलीपासून म्हणाली, पुन्हा तिथेच थांबली. तिसऱ्या वेळी त्या जागी राजवाड्यातल्या दासींच्या गाण्यातला एक तुकडा आला आणि ती तेच गाणे गुणगुणू लागली.

"चुलीची," बोधिसत्त्व वरून म्हणाला.

मुलीने मान वर केली. "कोण आहे?"

"तुझ्या झऱ्यावरचा. तुझ्या आईच्या घागरीत उंबरं पाडायचो आणि तिच्या शिव्या खायचो, तो."

"मग तू आईच्या गावचा."

"हो."

"म्हणजे माझा मामा," मुलगी म्हणाली, आणि राजवाड्यात आल्यापासून पहिल्यांदा हसली.

राजवाड्यात तिला कोणी छळत नव्हते. दासी तिला दूधभात भरवीत, हत्तीवाले तिला हत्तीवर बसवीत. राजाने सुनेत्र नावाच्या विद्वान आचार्याला तिला शिकवायला नेमले होते. पण तिच्या बोलीत बोलणारे तिथे कोणी नव्हते. आचार्य सुनेत्र राजाला म्हणत, "महाराज, मूल म्हणजे ओली माती. एकदा ठसा उठला, की उठला. वर्षभरात ती आपली होईल."

हे बोधिसत्त्वाने फांदीवरून ऐकले. ओल्या मातीवर दुसरा ठसाही तितकाच चांगला उठतो, असे त्याच्या मनात आले.

त्याने मुलीला सांगणे शिकवायचे ठरवले, आणि इथे त्याची एक चूक झाली. राघूच्या जातीला ऐकलेले तसेच्या तसे म्हणता येते. त्याने आपल्या जातीप्रमाणे शिकवले. आठही ओळी तो एका दमात म्हणे आणि मुलीला म्हणायला लावी. थोड्याच दिवसांत मुलगीही एका दमात म्हणू लागली. बोधिसत्त्वाला बरे वाटले. काम झाले असे समजून तो थव्याबरोबर शेतांवर गेला आणि बऱ्याच दिवसांनी परत आला.

मुलीने न चुकता सगळे म्हणून दाखवले.

"शहाणी माझी," बोधिसत्त्व म्हणाला. "आता सांग, कोंडाई कोण?"

मुलगी विचारात पडली. "मला काय माहीत? तुझ्या गाण्यातली कोणी तरी."

बोधिसत्त्वाला आपली चूक कळली. ओळी तिच्या तोंडात होत्या, पण त्या आता त्याच्या झाल्या होत्या, तिच्या राहिल्या नव्हत्या.

थवा परत जायला निघाला. थव्यातल्या थोरल्या राघिणीने हाक दिली. "चल रे, साळी संपली. ऊन तापायला लागलं."

"या वर्षी मी थांबतो."

"कशापायी? त्या माणसाच्या पोरीपायी?"

"तिच्या बोलीत बोलणारं इथं दुसरं कोणी नाही."

तरुण राघूंना हसू आवरेना. एक म्हणाला, "ऐका रे, पोपट पोपटपंची शिकवणार आहे!" थोरली हसली नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग ती उडाली, आणि तिच्यामागे सगळा थवा उडाला. बोधिसत्त्व बागेच्या कडेला सावरीच्या झाडात एक ढोली शोधून राहू लागला. ढोली मोठी होती. तिच्यात चार राघू सहज मावले असते.

मग त्याने मुलीला पुन्हा पहिल्यापासून शिकवले. या वेळी तो घाई करीत नव्हता. सकाळी मुलगी बागेतल्या विहिरीवर तोंड धुवायला येई, तेव्हा तो म्हणे, "ओंजळ भर. गार आहे? तुझ्या झऱ्याचं याहून गार होतं. मी उंबराखालच्या…" आणि थांबे. मुलगी ओंजळीकडे पाहत म्हणे, "झऱ्याची." त्या दिवशी तेवढेच. कुंपणाच्या वेळूपाशी दुसरी ओळ. मुदपाकखान्याच्या मागच्या दारी, जिथे धूर डोळ्यांत जाई, तिथे तिसरी. कोंडाईच्या ओळीला दाखवण्यासारखे काही नव्हते. तेव्हा तो कोंडाईची गोष्ट सांगे. एकदा शेळीने कोंडाईची टोपली खाल्ली, आणि कोंडाईने शेळीचा कान धरून तिला गावभर फिरवले, आणि ज्याला त्याला सांगितले, की ही माझी टोपली आहे, हिला कोणी बांधू नका.

ही गोष्ट मुलीला रोज हवी असे. एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर ती त्याला अडवी.

"असं नाही मामा. आधी कान धरला."

"आधी शिवी दिली."

"नाही! आधी कान!"

बोधिसत्त्वालाही कंटाळा येत असे. हे लपवण्यासारखे नाही. ऐन दुपारी शेळीची गोष्ट सुरू करताना पंख पसरून कुठे तरी निघून जावे असे त्याला वाटे. पण तो मुलीच्या तोंडाकडे पाही. त्याला जे जुनेच होते, त्यात तिला दर वेळी काही तरी नवे सापडे. एक दिवस तिने विचारले, टोपलीत काय होते. एक दिवस विचारले, कोंडाईचे हात कसे होते. मग कधी तरी ती आपणहून म्हणाली, "तिच्या हाताला धुराचा वास यायचा." हे बोधिसत्त्वाने तिला सांगितले नव्हते. त्याला ते ठाऊकही नव्हते.

ओळी बसल्यावर त्याने नवा खेळ काढला. तो मुद्दाम चुकू लागला.

"वेळूआडच्या चुलीची, चुलीपुढच्या मांजरीची…"

"चुकलास! कोंडाईची!"

"होय का? मला वाटलं मांजरीची."

"तुला काहीच येत नाही मामा."

"नाही गं येत. म्हणून तर तुला विचारतो."

पुढे तो रोज येईनासा झाला. एखादा दिवस मध्ये जाऊ देई, मग दोन, मग आठवडा. ओळ तिच्या मनातून निसटू पाही तेव्हाच तो येई, आणि ती शोधून काढायला तिला वेळ लागला, तरी मदत करीत नसे. तो फक्त वाट पाही. हातात आयते दिलेले मूल हरवून बसते, स्वतः शोधून काढलेले हरवत नाही, हे त्याच्या ध्यानात आले होते. ते उरलेले दिवस तो सावरीच्या झाडावर एकटा बसून काढी.

अशी काही वर्षे गेली. थवा दर हिवाळ्यात येई आणि जाई. बोधिसत्त्व थोडे दिवस त्याच्यात मिसळे. पण थव्याची हाक अशी असते, की सगळ्यांनी मिळून ती रोज दिली तरच सगळ्यांची एक राहते. ती रोज किंचित बदलते आणि बदललेली रोज सगळ्यांच्या कानावर पडते. बोधिसत्त्वाच्या कानावर मात्र वर्षभर माणसांची बोली पडत होती. एका हिवाळ्यात शेतावर थवा उतरला तेव्हा त्याने हाक दिली. थवा एकदम गप्प झाला. दोन तरुण राघू जवळ येऊन बसले आणि त्याच्याकडे मान वाकडी करून पाहू लागले.

"कुठला रे तू?"

"तुमच्यातलाच. उंबरावरचा. थोरली कुठे आहे?"

"थोरली मागच्या पावसाळ्यात गेली." एकाने दुसऱ्याकडे पाहिले. "आमच्यात असं बोलत नाहीत बाबा."

ते उडून गेले. बोधिसत्त्वाने शेतात चार दाणे खाल्ले आणि तो बागेत परतला.

इकडे राजाच्या कानावर गोष्ट गेली होती, की मुलगी अजून आपल्या बोलीत बोलते आणि तिला एक राघू शिकवतो. राजाच्या अमात्याने हिशेब मांडून ठेवला होता. मुलगी सांगणे विसरली, तर गण तिला नदी उतरू देणार नाही. मग करार गणानेच मोडला असे म्हणता येईल, आणि अरण्य राजाचे होईल. राजाने राघूला बोलावून घेतले.

राजा वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "राघूराज, माझ्या सिंहासनाशेजारी सोन्याची दांडी बसवतो. रोज डाळिंबं. शेजारी एखादी राघीण हवी असेल तर तीही. फक्त त्या मुलीशी बोलायचं नाही."

"का महाराज?"

"ती इथं सुखात आहे. विसरली, की रडायची थांबेल. विसरू देणं ही दयाच नाही का?"

बोधिसत्त्व म्हणाला, "विसरली तर ती रडणार नाही, हे खरं. पण नदीवर तिची माणसं तिला विचारतील, तेव्हा आपल्याला कोणी तरी काही तरी विचारतंय, एवढंच तिला कळेल. मग ती तिकडचीही नाही आणि इथलीही नाही. इथं तर ती ओलीसच आहे."

राजाने विचारले, "मी आज्ञा केली तर?"

"तर मी आज्ञा मोडीन, महाराज."

"बागेत माळी आहे. माळ्याकडे गोफण आहे."

"मी पाहिली आहे," बोधिसत्त्व म्हणाला, आणि उडून गेला.

दुसऱ्याच दिवशी गोफणीचा दगड त्याच्या डाव्या पंखाला लागला. तो डाळिंबाच्या आळ्यात पडला. आचार्य सुनेत्र धडा घ्यायला येत होते. त्यांनी त्याला उचलले आणि माळ्याच्या नजरेआड भिंतीतल्या कोनाड्यात ठेवले.

"वेडा आहेस," आचार्य म्हणाले. "मी राजाला सांगितलं होतं, की ही नुसती पोपटपंची आहे, तिकडे लक्ष देऊ नका. मला खरंच तसं वाटतं. मी तिला एक श्लोक एकदा सांगतो, दुसऱ्या दिवशी तिला येतो. तू वर्षानुवर्षं त्याच आठ ओळी घेऊन बसला आहेस."

"आचार्य, तुमची भाषा तिला दिवसभर ऐकू येते. दासी बोलतात, माळी बोलतो, हत्तीवाले बोलतात. ते सगळे तुमच्या वतीनं शिकवत असतात. तुम्ही एकदाच सांगता, असं तुम्हाला वाटतं. माझ्याकडं मी एकटाच आहे."

आचार्यांनी उपरण्याची चिंधी फाडून पंख बांधला. त्या दिवसापासून धड्याच्या वेळी ते माळ्याला कुठल्या ना कुठल्या कामाला बाहेर पाठवू लागले. त्यांनी याबद्दल कोणाशी बोलणे काढले नाही.

पंख सांधला, पण वाकडा. बोधिसत्त्वाला आता एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाता येई, त्यापलीकडे नाही. जखम भरेपर्यंत तो कोनाड्यातून हललाही नव्हता, आणि मुलीला तो कुठे आहे ते ठाऊक नव्हते. एके सकाळी त्याला विहिरीकडून दोन आवाज ऐकू आले. एक जाडा, राघूसारखा. "चुलीपुढच्या मांजरीची." दुसरा बारीक. "चुकलास! कोंडाईची!" त्याने कोनाड्याच्या कडेवरून डोकावून पाहिले. मुलगी एकटीच होती. ती दोन्ही आवाज स्वतःच काढत होती आणि विहिरीच्या पायरीवर बसून, पाण्यात पाय सोडून हसत होती. बोधिसत्त्वाने तिला हाक मारली नाही. तो मागे सरला आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

ठरलेला काळ आला. राजाने शब्द पाळला. मुलीला रेशीम आणि मोती घालून रथातून सीमेवरच्या नदीकडे पाठवले. बरोबर अमात्य होता आणि आचार्यही होते. बोधिसत्त्व आचार्यांच्या खांद्यावर बसला होता. हिवाळ्याचे दिवस होते, नदीला कमरेइतके पाणी होते. पलीकडच्या काठावर गणाची माणसे उभी होती. मुलगी त्यांच्यापैकी कोणालाच ओळखू शकली नाही. तीही आता उंच झाली होती, तिचे केस राजवाड्यातल्यासारखे बांधलेले होते. पलीकडच्या कोणाच्या चेहऱ्यावरही ओळख दिसली नाही.

पलीकडून एक पाठीत वाकलेली म्हातारी पुढे आली. तिने विचारले, "कोणाची गं तू?"

ती बोली मुलीने माणसाच्या तोंडून किती तरी वर्षांनी ऐकली. राघूच्या तोंडी ती वेगळी लागत असे. मुलगी बावरली. तिने आचार्यांच्या खांद्याकडे पाहिले.

बोधिसत्त्वाला पहिली ओळ म्हणता आली असती. अमात्याची नजर त्याच्यावरच होती, आणि पलीकडच्या माणसांचीही. मध्ये दुसरे कोणी बोलले, तर सांगणे फुकट जात असे. त्याने चोच मिटून घेतली आणि दुसरीकडे पाहिले.

मुलगी पाण्याच्या कडेला बसली. तिने ओंजळ भरली. मग म्हणाली, "मी उंबराखालच्या झऱ्याची." आणि पुढे शेवटपर्यंत म्हणाली.

म्हातारी हलली नाही. "हे पढवूनही येतं," ती म्हणाली. "राजाकडं पोपट कमी आहेत का? घोंगडीच्या आधी काय?"

"कोंडाई."

"वेळूच्या मागं?"

"चूल."

"बरं. आता मी म्हणते, तू ऐक. वेळूआडच्या चुलीची. चुलीपुढच्या साळूची…"

"चुकलीस!" मुलगी एकदम उठून ओरडली. "साळू घोंगडीत! चुलीपुढं कोंडाई! तिच्या हाताला धुराचा वास येतो, आणि तिनं शेळीला गावभर फिरवलं, आणि…"

म्हातारीने दोन्ही हात नाकाशी नेले. "येतो गं," ती म्हणाली. "अजून येतो. ये."

गणाची आणखी एक रीत होती. परत येणाऱ्या मुलाबरोबर राजाच्या काठावरचे काहीही नदी उतरत नसे. वस्त्र नाही, दागिना नाही, पशू नाही, पक्षी नाही. मुलीने मोती काढून ठेवले, गणाने पाठवलेले घोंगडे गुंडाळले, आणि ती आचार्यांच्या खांद्यापाशी आली.

"मामा, तू उडून ये. उडून आलेलं चालत असेल."

"हा पंख नदीएवढा नाही राहिला, बाळ."

"पण तू तर आमच्याच झऱ्याचा."

"आहेच."

"मग मी तुला म्हणायला कधी येऊ?"

"मला नको म्हणून दाखवू," बोधिसत्त्व म्हणाला. "तिकडं लहान पोरं असतील. त्यांना दाखव."

मुलगी पाण्यात उतरली. पलीकडच्या काठावर एक बाई इतका वेळ तोंडात पदर धरून उभी होती. ती पाण्यात धावत आली आणि तिने मुलीला पाठीवर घेतले. एवढी मोठी मुलगी तिला पेलत नव्हती. तरी तिने घेतली. त्या डोंगराकडे वळल्या.

आचार्य म्हणाले, "चल, बागेत राहा. मी बोलेन तुझ्याशी."

"तुमची भाषा मला येते, आचार्य. मला माझी विसरायला झाली आहे." बोधिसत्त्व नदीकाठच्या जांभळावर जाऊन बसला. आचार्य रथाबरोबर परत गेले.

थोड्या दिवसांनी राघूंचा थवा त्या वाटेने डोंगराकडे निघाला. बोधिसत्त्वाने हाक दिली. थवा आणखी वर गेला आणि निघून गेला. त्याने त्यांची हाक कानात धरून ठेवली आणि दुसऱ्या सकाळी ती म्हणून पाहिली. चुकली. तो पुन्हा म्हणाला. पावसाळाभर तो जांभळावर बसून रोज सकाळी तेवढी एक हाक म्हणत राहिला. पुढच्या हिवाळ्यात थवा आला आणि थांबला नाही. बोधिसत्त्वाने चुकलेले दुरुस्त करून घेतले आणि पुन्हा सुरुवात केली. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात थव्यातून एक तरुण राघू खाली उतरला आणि त्याच्या शेजारच्या फांदीवर बसला.

गोष्ट संपवून शास्ता म्हणाले, "त्या वेळी राजाच्या बागेत आचार्य होता तो आजचा सुदंत. म्हातारी कोंडाई म्हणजे आज या विहाराच्या दाराशी भिक्षा वाढणारी उपासिका. जांभळावर उतरलेला तरुण राघू म्हणजे हा सामणेर. वेणुला म्हणजे आजचा थेर धम्मिल. आणि राघू मीच होतो."

या जन्मात बोधिसत्त्वाने पूर्ण केलेली पारमिता, म्हणजे गुणाची परिपूर्णता, वीर्याची, म्हणजे न थकता केलेल्या प्रयत्नाची होय.